आपल्या गडांची गाळलेली पानं

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर सरळ शेवटी जा, तिथं एक काम सांगितलंय, तेवढं करा. बाकीच्यांनी चहा टाका आणि बसा.

गेल्या आठवड्यात तालुक्यातल्या एका गडप्रेमी ग्रुपवर मी प्रश्न टाकला. आपल्या चावंडवर एक लहानगा राजपुत्र कैदेत होता, पुढं तो राजा झाला, त्याचं नाव सांगा. ग्रुपमधली पोरं साधी नाहीत. चावंडच्या पायऱ्या, सात टाकी, पुष्करणी, चामुंडेचं देऊळ, सूर्यास्त कुठून चांगला दिसतो, सगळं तोंडपाठ. तासभर कुणी काही बोललं नाही. मग एकानं भीत भीत 'संभाजी महाराज?' असं विचारलं. मग मी गंमत म्हणून दुसरा प्रश्न टाकला. लंडनच्या टॉवरमध्ये कोंडलेले दोन राजपुत्र कोण? दोन मिनिटांत उत्तर आलं, नावांसकट. वर काकानं मारलं की नाही यावरून दोन तट पडले आणि रात्री अकरापर्यंत भांडले. मोबाईलवर परदेशी मालिका बघण्याचा प्रताप, दुसरं काय.

मला राग आला नाही, कारण हा नाद गावात आणणारा बहुतेक मीच. पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा पुण्यात फूटपाथवर एक जाडजूड पुस्तक मिळालं होतं. कव्हर फाटलेलं, आत कुणा जुन्या वाचकाच्या पेन्सिलीच्या खुणा. विषय: पंधराव्या शतकातली इंग्लंडची गादीची भांडणं, यॉर्क घराणं विरुद्ध लँकेस्टर घराणं. मढसारख्या गावात पावसाळा म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय. माळशेजवरून ढग उतरले की सिंदोळा दिसेनासा होतो, लाईट जाते, एसटी वेळेवर येत नाही, आणि भातलावणी संपली की माणसाला वाचण्यावाचून गत्यंतर नसतं. दोन पावसाळ्यांत पुस्तक पाठ झालं. तेव्हापासून गावात काहीजण मला 'लंडन' म्हणतात. आमच्या मावशीला तर बरेच दिवस वाटत होतं की तिकडं माझी कुठं नोकरीची खटपट चालू आहे.

तर या लंडनवेडानं मला एक गोष्ट शिकवली. राजे-किल्ले या विषयात हौशी माणूस काय करू शकतो, ती.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. जिंकलेल्या हेन्री ट्यूडरच्या घराण्यानं पुढं ११८ वर्षं राज्य केलं, आणि जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याबद्दल जे लिहायचं ते लिहिलं. रिचर्ड म्हणजे कुबडा, पुतण्यांचा मारेकरी, सैतान. त्याची कबर कुठं होती हेही लोक विसरले. पण १९२४ मध्ये काही हौशी लोकांनी एक मंडळ काढलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: हा माणूस चांगला होता की वाईट हे नंतर बघू, आधी कागद बघू. वकील, शिक्षक, गृहिणी, निवृत्त माणसं. याच मंडळातली फिलिपा लँगली ही पटकथा लिहिणारी बाई. लेस्टर गावातल्या एका कार पार्किंगखाली राजा आहे असं तिनं धरलंच, वर्गणी गोळा केली, विद्यापीठाला गळ घातली, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये खणायला सुरुवात झाली. सांगाडा मिळाला. पाठीचा कणा वाकडा, म्हणजे एका खांद्याची गोष्ट अगदीच थाप नव्हती. त्याच्या बहिणीच्या वंशातल्या, आज हयात असलेल्या माणसाशी डीएनए जुळला. २०१५ च्या मार्चमध्ये गावच्या मोठ्या चर्चमध्ये त्याला मानानं पुरलं. रस्त्यावर हजारो माणसं होती. पुतण्यांना त्यानं मारलं का, हा वाद तिथं अजून चालू आहे. पण वाद घालायला राजा तर सापडला!

आता आपल्याकडं या. बॉसवर्थची लढाई झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १४८६ मध्ये, बिदरला बहमनी दरबारातला मोठा वजीर मलिक हसन मारला गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद तेव्हा आपल्या जुन्नरला सुभेदार होता. मलिक हसनचे वाडवडील पाथरीचे ब्राह्मण होते असं फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. बापाचा खून झाल्यावर अहमदनं जुन्नरमधून बंडाची तयारी केली, शिवनेरी ताब्यात घेतला, आजूबाजूचे गड घेतले, बहमनी फौजा परत पाठवल्या, आणि १४९० मध्ये स्वतःचं राज्य उभं केलं. ती निजामशाही. तिची पहिली राजधानी जुन्नर. अहमदनगर हे शहर त्यानं नंतर, १४९४ मध्ये वसवायला घेतलं. शाळेत आपण 'अहमदनगरची निजामशाही' असं पाठ केलं, त्यामुळं ती पलीकडच्या जिल्ह्याची भानगड वाटते. ती आपल्या पेठेतून निघाली.

हे राज्य १६३६ पर्यंत टिकलं. म्हणजे १४६ वर्षं. ज्या ट्यूडर राजांच्या बायकांची नावं आमच्या ग्रुपमधल्या पोरांना क्रमानं येतात, त्यांच्यापेक्षा हे राज्य जास्त टिकलं. आणि या राज्याच्या राजांपैकी एकाचं नाव सांगा म्हटलं तर जुन्नर एसटी स्टँडवर सगळ्या फलाटांवर फिरा, कुणी सांगायचं नाही.

त्याच्याही आधीचं सांगतो, कारण हे फारच भारी आहे. १४७० च्या आसपास, म्हणजे इंग्लंडात चौथा एडवर्ड गादी गमावून पळाला आणि परत येऊन मिळवत होता त्याच सुमाराला, जुन्नरमध्ये एक रशियन माणूस पावसात अडकला होता. अफनासी निकितिन. व्होल्गाकाठचा व्यापारी. वास्को-द-गामा यायला अजून पंचवीसेक वर्षं होती. हा गडी चौलला उतरला, सोबत विकायला एक घोडा. त्याच्या हिशोबानं घोडा शंभर रुबलचा. कोकणातून घाट चढून पायी जुन्नरला आला. त्यानं लिहून ठेवलंय की शहर खडकाच्या बेटावर आहे, ते माणसानं बांधलेलं नाही तर देवानं केलेलं आहे, आणि वर जायची वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारून चालू शकत नाहीत. आता बोला, हा शिवनेरी नाही तर कोण?

इथल्या पावसाची त्याला मोठी गंमत वाटली. आपला उन्हाळा संपला की ह्यांचा हिवाळा सुरू होतो, असं त्याचं म्हणणं. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि हे लोक त्याच चिखलात नांगरतात, पेरतात. मढला जून ते सप्टेंबर काढलेल्या कुठल्याही माणसाला हे वाचून हसू येईल. साडेपाचशे वर्षांत बदललं काय तर एसटी आली. घोड्यांना हरभरा घालतात आणि खिचडी शिजवून देतात, हेही त्यानं लिहिलंय. 'खिचडी' हा शब्द त्यानं रशियन अक्षरांत लिहून ठेवलाय.

मग इथल्या असदखान नावाच्या अधिकाऱ्यानं त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, नाही बदललास तर घोडाही नाही आणि दंडही भर. चार दिवसांची मुदत. निकितिन पार हादरला. पण नेमका त्याच वेळी खुरासानचा एक मुसलमान सरदार जुन्नरला आला, निकितिननं त्याचे पाय धरले, आणि त्या खोज्या महंमदानं रदबदली करून त्याला धर्मासकट आणि घोड्यासकट सोडवलं. म्हणजे छळणाराही मुसलमान आणि सोडवणाराही मुसलमान, अडकलेला ख्रिस्ती, आणि गाव आपलं. एका ओळीत बसणारा इतिहास नाही हा. निकितिन परत जाताना १४७२ च्या सुमारास घर गाठायच्या आतच वारला, पण वही पोचली. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बासनी त्याच्यावर 'परदेसी' सिनेमा काढला, नर्गिस होती त्यात. कोकणात रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. जिथं तो दोन महिने राहिला, जिथं त्याचा घोडा गेला आणि परत मिळाला, त्या जुन्नरमध्ये त्याच्या नावाची साधी पाटी मी तरी पाहिलेली नाही. कुणी पाहिली असेल तर फोटो टाका, मी पेढे देतो.

आता चावंडवरचा राजा. नाव बहादूर. बुऱ्हाण निजामशाहचा नातू. १५९५ मध्ये आधी आजोबा वारला, मग काही महिन्यांत बाप लढाईत पडला. दरबारात चार तट पडले, एका तटानं भलत्याच पोराला गादीवर बसवलं आणि खऱ्या वारसाला चावंडवर नेऊन ठेवलं. वय म्हणाल तर मांडीवरचं मूल. इकडं अकबराची फौज नगरच्या किल्ल्याला भिडली. किल्ला लढवला तो पोराच्या आजोबांच्या बहिणीनं, चांदबिबीनं. तटाला भगदाड पडलं तेव्हा ती स्वतः उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतलं. वऱ्हाड देऊन तिनं तह केला, आणि मग चावंडवरून बहादूरला आणून गादीवर बसवलं. चार वर्षं. १६०० साली चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली, मोगलांनी नगर घेतलं, आणि बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. म्हणजे पोरगं गडावरच्या कैदेत मोठं होऊ लागलं आणि दुसऱ्या गडावरच्या कैदेत विझलं. मधल्या चार वर्षांचा राजा.

लंडनच्या टॉवरमधल्या पोरांची वयं बारा आणि नऊ होती. तिथं १६७४ मध्ये जिना पाडताना दोन लहान सांगाडे सापडले, ते आज त्यांच्या राजांच्या शेजारी ठेवलेत. १६७४! इकडं रायगडावर राज्याभिषेक झाला तेच साल. टॉवर बघायला जगभरातून माणसं तिकीट काढून जातात, आणि त्या दोन पोरांच्या गोष्टीवर अर्धं तिकीट वसूल होतं. आमच्या चावंडवर आपण जातो, टाक्यात डोकावतो, चामुंडेला नारळ फोडतो, रील काढतो आणि उतरतो. वर चढताना एका ठिकाणी पायऱ्या तुटलेल्या आहेत, रेलिंग धरून जावं लागतं, ते आठवतंय? ती वाट १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून उडवली. पेशवाई बुडाल्यावर जुन्नरच्या गडांवर पुन्हा कुणी बसू नये म्हणून त्यांनी जीवधन, हडसर, चावंड असे सगळेच नासवले. स्वतःचे वाडे-किल्ले मात्र जपून ठेवले. आम्ही त्यांच्या किल्ल्यांच्या मालिका बघतो. असो.

निजामशाहीचा शेवटचा अंकही आपल्याच डोंगरात झाला. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी निजामाच्या घराण्यातलं आणखी एक पोर, मूर्तझा, पुढं केलं. तो जीवधनवर कैदेत होता असं सांगतात. त्याला पेमगिरीवर नेऊन गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं शहाजीराजांनी तीन वर्षं स्वतः राज्य चालवलं, मोगल आणि विजापूर दोघांना अंगावर घेऊन. १६३६ मध्ये माहुलीला वेढा पडला, पोर द्यावं लागलं, आणि त्याबरोबर आपले गडही गेले.

आता यात शिवनेरीवरच्या १९ फेब्रुवारी १६३० ची जागा बघा. शिवरायांचा जन्म झाला तेव्हा ते राज्य कोसळत होतं. आजोबा मालोजी त्या राज्यात चढले. वडील १६२४ ला भातवडीच्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूनं लढले. मलिक अंबर, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हबशी, १६०७ मध्ये त्यानं निजामशाहीची राजधानी पुन्हा जुन्नरला आणून ठेवली होती. आपल्या हापूसबागेच्या नावात 'हबशी बाग' लपली आहे असं जुन्या गॅझेटियरमध्ये म्हटलंय. आंब्याचा काही संबंध नाही, बरं का. डोंगरात फौज थकवायची, रसद तोडायची, समोर उभं राहायचं नाही, ही लढाई अंबरनं मोगलांना दाखवली, शहाजीराजांनी जवळून पाहिली. बाळ राजाला मांडीवर घेऊन राज्य चालवता येतं हे शहाजीराजांनी करून पाहिलं. आणि मग त्यांच्या मुलानं ठरवलं की दुसऱ्याचं पोर मांडीवर घ्यायचंच नाही. राज्य स्वतःचं, शिक्का स्वतःचा, राज्याभिषेक स्वतःचा. आधीची दीडशे वर्षं वाचल्याशिवाय या निर्णयाची उंची कळतच नाही. पायथा न बघता माथा मोजणार कसा?

ज्या गडावर जन्म झाला तो गड महाराजांना हयातीत मिळाला नाही, हेही किती जणांना माहिती आहे? १६५७ मध्ये त्यांनी रात्री दोरशिड्या लावून जुन्नर शहर लुटलं, तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले, पण वरचा शिवनेरी मोगलांकडंच राहिला. याच डोंगरातल्या महादेव कोळ्यांनी त्या काळात मोगलांविरुद्ध बंड केलं आणि पकडून आणून त्यांची डोकी मारली. शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. जन्मस्थानाची इमारत बघून खाली उतरणाऱ्यांतले निम्मे तिकडं फिरकत नाहीत. माझ्या गावाच्या आजूबाजूला निम्मी वस्ती आदिवासी आहे, त्यांच्या पोरांना शाळेत हा चौथरा कोण सांगतं?

मी हे सगळं मागं एकदा लेखात मांडलं होतं. एका दैनिकाच्या शिवजयंती पुरवणीसाठी. लेख परत आला. 'शिवजयंतीला निजाम कशाला? वाचक चिडतील.' एवढंच उत्तर. तोच लेख कापून-छाटून फेसबुकवर टाकला तर खाली साठ-सत्तर कमेंट. अर्ध्या जणांनी मला निजामाची औलाद ठरवलं, दहा-बाराजणांनी उलट टोक गाठून निजाम किती उदार होता ते सांगायला सुरुवात केली. लेख वाचलेला एकही नाही. मला ना निजामाची आरती करायचीय ना त्याच्या नावानं बोटं मोडायचीत. त्या राजांनी देवळं पाडली असतील तर तीही नोंद हवी, ब्राह्मण पेशवा नेमला तर तीही हवी. आणि हो, नेमला होता. बुऱ्हाण निजामशाहनं १५२९ मध्ये कावरसेन नावाच्या ब्राह्मणाला पेशवा केलं. 'पेशवा' हे पदच त्या दरबारांतून आपल्याकडं आलं.

शब्दांचं निघालंच आहे तर सातबारा काढा. वर काय लिहिलंय? मौजे मढ, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. मौजे, तालुका, जिल्हा, तिन्ही अरबी-फारसीतून आलेले. खाली खरीप आणि रब्बी: अरबीत शरद आणि वसंत. जमीन, वारस, हक्क, हद्द, नक्कल, अर्ज, वसूल. बांधावरून भांडताना आपण जी मराठी बोलतो ती निम्मी सुलतानांच्या कचेरीत घडलीय. इंग्रजांचंही तेच. कोर्ट, जज, पार्लमेंट हे शब्द त्यांनी फ्रेंच बोलणाऱ्या राजांकडून घेतले आणि पुढं आपल्याला दिले. १३६२ मध्ये त्यांनी कायदा केला की कोर्टात इंग्रजीत बोलायचं, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. गंमत म्हणजे तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिला होता. आपल्याकडं विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशाहनं सोळाव्या शतकात महसुलाचा हिशोब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावला. आणि शिवरायांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. कोश झाला, पण 'तालुका' काही गेला नाही.

भाषेच्या बाबतीत आपण लंडनवाल्यांना मागं टाकतो, हे मात्र छाती पुढं काढून सांगतो. त्यांचा चॉसर १४०० साली वारला. ज्ञानेश्वरी १२९० ची. आणि चांगदेवांनी 'तत्त्वसार' लिहिला तो आपल्या समोरच्या हरिश्चंद्रगडावर, शके १२३४ म्हणजे १३१२ साली. खिरेश्वरवरून टोलार खिंडीतून वर जाणाऱ्या ट्रेकरना मी हे विचारतो. कोकणकडा सगळ्यांना माहीत, तत्त्वसार एखाद्यालाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा नाणेघाटाच्या लेखाचं नाव घेऊन आपण फटाके लावले. फटाक्यांना हरकत नाही.

जुलै २०२५ मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या यादीत गेला. त्याआधी २०१८ मध्ये आपला तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झालाय. म्हणजे माणसं येणार. बाहेरचा माणूस शिवनेरीवर कमानी मशिदीपुढं उभा राहून विचारणार, हे काय? त्यावरचा फारसी लेख काय म्हणतो? आपला पोरगा गाईड म्हणून काय उत्तर देणार? आत्ता जे उत्तर मी कानांनी ऐकतो ते असं: 'ते सोडा, इकडं या.' आपल्या गडांच्या पाट्यांवर आधी सातवाहन, मग यादव, आणि मग एकदम १६३०. मधली तीनशे वर्षं गाळलेली. रोजगाराच्या गोष्टी करतो ना आपण? गोष्ट सांगता आली नाही तर टूरिस्ट वडापाव खाऊन माळशेजला धबधबा बघायला निघून जाणार. आमच्या मढवरूनच जातात, रोज बघतो.

आणि हे काम मोठ्या साहेबांनीच करावं असं नाही. राजवाडे कुणी सरकारी अधिकारी नव्हते. गावोगाव हिंडून, माळ्यावरचे कागद उपसून त्यांनी १८९८ पासून एकामागून एक खंड छापले, बावीस झाले. शिवरायांचं म्हणून भलत्याच माणसाचं चित्र छापलं जात होतं, ते वा. सी. बेंद्र्यांनी १९३३ मध्ये खरं चित्र दाखवून थांबवलं. हौशी माणसंच ही, फक्त हौस दांडगी. आपल्या ग्रुपमधल्या पोरांकडं पाय आहेत, ड्रोन आहे, डोकं आहे. टाकी साफ करायला ती सुट्टी टाकून जातात, मी त्यांच्यासोबत गाळ उपसलाय. त्याच टाक्याचं पाणी कुण्या बहादूरला पाजलं असेल, एवढं त्यांना सांगायचं राहिलंय.

तर काम.

तुमच्या घरात, माळ्यावर, देव्हाऱ्यामागच्या फडताळात, आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले कागद असतील. पाटील, कुलकर्णी, देशमुख, नाईक, इनामदार, मुजावर, गुरव, कुणाच्याही घरात. भाऊबंदकीच्या वाटण्या, वतनाचे तंटे, देवस्थानच्या इनामाचे कागद. ते रद्दीत घालू नका. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, कागद सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि मला पाठवा. मूळ कागद तुमच्याकडंच राहू द्या. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतात, आपल्या भागातले आणखी पाच-सहाजण तयार झाले तर वाचायचं काम इथंच होईल. गेल्या पावसाळ्यात एका ओळखीच्या घरातली अशी अख्खी पेटी भिजली आणि चुलीत गेली. त्यात काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

दुसरं, येत्या ग्रामसभेत चावंडच्या पायथ्याला बहादूर आणि चांदबिबीची गोष्ट सांगणारी एक पाटी लावायचा ठराव यावा म्हणून मी तिथल्या मंडळींशी बोलतोय. मजकूर मी लिहून देतो, आठ ओळींचा, कुणाची आरती नाही, कुणाला शिव्या नाहीत. मजकूर आधी इथं टाकीन, चुका काढा.

आणि येत्या रविवारी सकाळी सातला चावंडवाडीतून वर निघतोय. सोबत बारावीची चार पोरं आहेत, त्यांतल्या एकीनं चांदबिबीवर वीस मिनिटं बोलायचं कबूल केलंय. मढहून येणाऱ्यांनी सहाच्या आत निघा, गणेश खिंडीत सकाळी धुकं असतं. बूट घाला, पिण्याचं पाणी आपलं आपण आणा.